एकशे एक्केचाळीस, पाच बाद, फळा जप्त

तुम्ही आमचा फळा चोरलात. ‘जप्त केला’ हे तुमचे शब्द आहेत, माझे नाहीत. रविवारी, दिवसाढवळ्या, सामना चालू असताना, पंचवीस माणसांदेखत चार जणांनी एक वस्तू उचलून गाडीत टाकली, तर त्याला आमच्या चौकात चोरीच म्हणतात. तुम्ही म्हणजे नक्की कोण हे मला अजून कळलेलं नाही. खालचे वरच्यांकडे बोट दाखवतात, वरचे मुंबईकडे दाखवतात, आणि मुंबईचा फोन ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं सांगून पिपाणी लावतो. तेव्हा जो कोणी तुम्ही असाल, तो खुर्ची ओढून बसा. मला पहिल्यापासून सांगायचंय. कारण तुमच्या माणसांनी केलेल्या पंचनाम्यात तारीख सोडून काही खरं नाही.

फळा देवरामचा. देवराम म्हणजे आमच्या नाशिकरोडच्या चौकातला सायकलवाला. मूळचा सायखेड्याचा. शेताची वाटणी झाली तेव्हा ह्याच्या वाट्याला नदीकाठचा एवढासा तुकडा आला, आणि पुरात तोही गेला. मग हा इथे येऊन पंक्चर काढायला बसला. मी तेव्हा सातपूरच्या कारखान्यात स्टोअरला होतो. खोक्यांवर नटबोल्टांची नावं घालून घालून माझं अक्षर असं झालं होतं, की चौकातल्या निम्म्या लग्नपत्रिकांवर पत्ते माझ्या हातचे असायचे. हे मी सांगतोय ते मिरवायला नाही. पंचनाम्यात ‘ओबडधोबड अक्षरातील मजकूर’ असं लिहिलंय, म्हणून सांगतोय.

त्या काळी सामना असला की देवरामचा रेडिओ एखाद्या उलट्या सायकलच्या पॅडलला टांगलेला असायचा. कान रेडिओकडे, हात ट्यूबमध्ये. तो ओरडायचा, मी फळ्यावर लिहायचो. सिन्नरची एसटी आमच्या चौकात उगाच हळू व्हायची आणि कंडक्टर दारातून वाकून आकडा वाचायचा. रेडिओवर थोडा वेळ हिंदी, थोडा वेळ इंग्रजी चालायचं. इंग्रजी सुरू झालं की देवराम बोलणाऱ्याकडे लक्षच द्यायचा नाही, मागच्या गर्दीचा आवाज ऐकायचा. “गर्दी फुगली, चार घाल,” म्हणायचा. “गर्दी बसली. एक गेला.” दहातल्या नऊ वेळा बरोबर. दहाव्या वेळी सामना परदेशात होता. गर्दी अशी फुगली, की त्याने मला षटकार घालायला लावला. चौक नाचला, कुणीतरी पेढे सांगितले. दहा मिनिटांनी हिंदीवाला आला आणि कळलं, की आपला शेवटचा भरवशाचा गडी त्रिफळाचीत झाला होता आणि ती गर्दी त्यांची होती. पेढे आले होते, ते आम्ही गुपचूप खाल्ले. पुढे परदेशातला सामना असला, की देवराम गर्दी उलटी ऐकायचा.

आता काय आहे? आता चौकार नुसता चौकार नसतो, तो कुठल्यातरी सिमेंटचा असतो. षटकार रंगाच्या डब्याचा, झेल विम्याचा. गडी बाद झाला, की गोलंदाजाचा हात वर जायच्या आत एक बाई फरशी पुसायला येते. सामन्याआधी चार तास चार जण सामना कसा होणार ते सांगतात, आणि सामन्यानंतर चार तास तेच चौघे तो तसा का झाला नाही ते सांगतात. आमच्या घरी आलेल्या झाडूच्या वेष्टनावरही कप्तान होता. माझ्या बायकोने, संध्याने, तो सोलून काढला आणि म्हणाली, “ह्याला कुठे केर काढायचाय?”

ह्या सगळ्यात देवरामचा सामना हरवला. त्याचे कान गेले. मुलीने, तृप्तीने, यंत्र आणून दिलं. ते घातलं की त्याला काही ऐकू येत नाही, पण यंत्र शिट्टी मारतं आणि रस्त्यावरची कुत्री वळून बघतात. टीव्हीवरचा आकडा कोपऱ्यात मुंगीएवढा, कारण मोठी जागा जाहिरातीला. “आकडा कोंचा अन् जाहिरात कोंची, काय उमगत नाय,” तो म्हणायचा. तीन वर्षं त्याला सामना दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच्या तोंडून, हातवाऱ्यांनी कळत होता.

त्यात त्याने दुकान विकलं. ह्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना रविवारी होता आणि सोमवारी सकाळी तृप्ती त्याला पुण्याला न्यायला येणार होती. कायमचं. आठवडाभर आधी तो माझ्या दारात आला.

“गोरक्षा, माळ्यावर फळा हाय अजून. जायच्या आधी एक सामना लिहितो का? पुरा. पयल्या चेंडूपासनं.”

एक माणूस, एक फळा, एक सामना. एवढंच काम होतं.

मी फळा काढला, धुतला, काळा रंग दिला. रंग वाळेपर्यंत खंडेराव आले. खंडेराव कोर्टात बेलीफ होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण चौकात कुणाच्याही दाराशी कागद दिसला, की त्यांचे हात शिवशिवतात.

“परवानगी काढलीत का, गोरक्षराव?”

“फळ्याला कसली परवानगी?”

“घरात असेपर्यंत फळा. चौकात आला की फलक. मी चाळीस वर्षं लोकांच्या दारांना नोटिसा चिकटवल्यात, मला कायदा शिकवू नका.”

मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, पण देवरामचा सामना मध्येच अडायला नको, म्हणून गेलो. हा माझा शहाणपणा. परवानगी न काढता फळा ठेवला असता, तर तो आजही तिथे असता. महापालिकेच्या विभागीय कार्यालयाच्या खिडकीत वैष्णवी नावाची मुलगी होती. चांगली होती. तिच्यावर माझा राग नाही, हे नोंदवून घ्या.

“काका, फलकाचा प्रकार?”

“धावफलक.”

तिने यादी वाचून दाखवली. जाहिरात, वाढदिवस, अभिनंदन, स्वागत, शोक. “धावफलक नाहीये ह्यात.”

“मग ‘इतर’ घाला.”

“‘इतर’ला हात नको, काका. मागच्या वर्षी एकांनी निवडलं होतं, दोन दिवस जन्माचे दाखले बंद पडले.” मग तिनेच आवाज खाली आणून सांगितलं, “शोकफलक मोफत असतो. तीन दिवस. फक्त त्यावर जाहिरात चालत नाही. तुमच्याकडचं कुणी गेलंय का एवढ्यात?”

माझं डोकं फिरलं होतं. मी म्हणालो, “रेडिओवरचं धावतं वर्णन गेलं. ते लिहा.”

तिने लिहिलं. नाव, धावते. आडनाव, वर्णन. “वडिलांचं नाव?”

“लागतंच का?”

“लाल चांदणी आहे, म्हणजे भरावंच लागतं.”

“रेडिओ.”

“वय?”

“घाला साठ.”

“तुमचं नातं?”

“जवळचं.”

पाच मिनिटांत छापील परवाना हातात. कै. धावते रेडिओ वर्णन, वय ६०, यांच्या दुःखद निधनानिमित्त शोकफलक, अर्जदार अमुक, जवळचे नातेवाईक. घरी संध्याने तो दोनदा वाचला आणि विचारलं, “सुतक किती दिवस पाळायचं आपण?”

शनिवारी सकाळी फळा देवरामच्या रिकाम्या दुकानाला टेकवला. परवाना दर्शनी भागात लावायचा असा नियम, म्हणून मधोमध चिकटवला. वर स्पर्धेचं नाव लिहिलं आणि त्याच्या शेजारी करंडक काढला. तास गेला त्याला, सावली वगैरे दिली. तेवढ्यात एक सद्गृहस्थ थांबले, परवाना वाचला, चप्पल काढून हात जोडले.

“खेळाडू होते का?”

“खेळाडूंबरोबरच असायचे,” मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी ते हार घेऊन आले. आता कुणी प्रेमाने आणलेला हार परत कसा करायचा? घातला फळ्याला.

मग मालनबाई. फळ्याच्या शेजारी त्यांची भज्यांची गाडी. त्यांनी दोन खोकी खडू आणि पुसायला नवं फडकं दिलं होतं. “भाऊ, खडू माझे, मग नाव माझं लागंल.”

“नाव कशाला, मालनबाई? दोन दिवसांचं काम.”

“बाकड्यावर नगरसेवकाचं नाव हाय. बसथांब्यावर आमदाराचं हाय. मसणवटीत बसायच्या कट्ट्यावर सुदीक कोणाकोणाचं हाय. मीच काय बिननावाची?”

आपल्याकडे सौजन्य लिहिल्याशिवाय भिंतीवरचं घड्याळ वेळ दाखवत नाही. मी खाली ठळक लिहिलं : सौजन्य, मालनबाई भजीवाल्या. ही माझी चूक. एवढ्या प्रकरणात माझी चूक एवढीच, आणि ती मी लेखी कबूल करतो.

कारण आता फळा वरून खाली वाचा. आधी जागतिक स्पर्धेचं नाव. शेजारी करंडक. मग कै. धावते रेडिओ वर्णन, हारासकट. मग सौजन्य, मालनबाई. गावोगावी कुणा ना कुणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ चषक भरवणाऱ्या माणसांना ह्याचा एकच अर्थ लागतो. सतरा देशांतून खेळाडू गोळा करून मालनबाईंनी ही स्पर्धा भरवली होती, कै. धावते यांच्या स्मरणार्थ.

आम्हाला हे कुणालाच दिसलं नाही. ते दिसलं मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल चालवणाऱ्या एका पोरीला. तिने व्हिडिओ केला. मालनबाईंना विचारलं, “एवढी मोठी स्पर्धा स्पॉन्सर करताना काय भावना आहेत?” मालनबाई म्हणाल्या, “कांद्याला भाव असता तर अजून मोठी केली असती.” देवरामपुढे माईक धरून विचारलं, “आजोबा, कसं वाटतंय?” देवरामला वाटलं वय विचारतेय. “चौऱ्याहत्तर,” तो म्हणाला. खाली पट्टी आली, ‘आजोबांचा अंदाज : भारत चौऱ्याहत्तर धावांनी जिंकणार’. रात्रीतून ऐंशी हजार लोकांनी बघितलं. ऐंशी हजार. मी आजवर वर्तमानपत्रांना एकशे बारा पत्रं लिहिली, त्यांतली चार छापून आली.

रविवारी नाणेफेकीच्या वेळी गळ्यात पट्टा घातलेला एक तरुण आला. नाव धनराज. स्पर्धेच्या नावाचं रक्षण करणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा नाशिकचा माणूस. गावभर फिरून कुणी स्पर्धेचं नाव फुकट वापरतं का, ते बघायचं, हे त्याचं काम.

“सर, हा करंडक आहे का?”

मी फळ्याकडे बघितलं. तासाभराचं काम होतं ते. पलीकडे स्टुलावर देवराम बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून, हात गुडघ्यांवर.

“तांब्या आहे,” मी म्हणालो. “गंगेचं पाणी न्यायचा.”

“शुअर ना, सर?”

“नाशिकमध्ये उभा राहून तांब्या ओळखत नाहीस?”

त्याने लिहून घेतलं, तांब्या. साठ वर्षांत मी एवढा खाली आलो नव्हतो. मग स्पर्धेचं नाव पुसायला लावलं, ते पुसून मी ‘मोठा सामना’ लिहिलं. मग तो सौजन्याकडे वळला. मालनबाई झाऱ्या घेऊन पुढे आल्या. “पुसा की. खडू परत द्या अन् पुसा.” धनराज दोन पावलं मागे गेला. बिचाऱ्याने एक प्लेट भजी खाल्ली, पैसे दिले आणि जाता जाता म्हणाला, “मी नुसते फोटो पाठवतो, सर. निर्णय वर होतो.”

सामना परदेशात, म्हणून आपल्याकडे दुपारचा. मी मोबाईलवर बघत होतो आणि फळ्यावर लिहीत होतो. आता तुमच्यात कुणी प्रसारणवाले असतील, तर त्यांना एक गोष्ट सांगतो, ती त्यांच्या कुठल्या तज्ज्ञाला सुचली नसेल. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर केबल. तिथे आधी ओरडा होतो. तिसऱ्या मजल्यावर इंटरनेटवरचा टीव्ही, तिथे अर्ध्या मिनिटाने. माझ्या मोबाईलवर तेच सगळ्यांत शेवटी. म्हणजे गोलंदाज धावायला लागायच्या आधीच चौकातल्या प्रत्येकाला ठाऊक, की हा गडी जाणार. सगळे शिळा सामना बघत होते. ताजा सामना फक्त एका माणसाला दिसत होता. देवरामला. त्याला ना पहिला मजला ऐकू येत होता, ना तिसरा. माझा खडू टेकला, की त्याचा चेंडू पडायचा.

पलीकडच्यांनी एकशे एकाहत्तर केल्या. आपला डाव सुरू झाला आणि हळूहळू लोक मोबाईल खिशात ठेवून देवरामचं तोंड बघायला लागले. मी चार लिहिले, की तो मांडीवर थाप मारायचा. गडी खोडला, की टोपी काढून डोकं खाजवायचा. एकदा मी मुद्दाम खडू हवेत धरून ठेवला. “लिही की, मेल्या,” तो म्हणाला, आणि पंचवीस माणसं हसली. रस्त्यावरून एक एसटी गेली, ती हळू झाली नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण कामात होतो.

सोळा षटकं तीन चेंडू. एकशे एक्केचाळीस, पाच बाद. एकवीस चेंडूंत एकतीस हव्यात. आणि तुमची गाडी आली.

आमच्या गल्लीतलं गटार चार वर्षं तुंबलंय. दर वेळी उत्तर येतं, की सुटीच्या दिवशी माणसं नसतात. रविवारी दुपारी चार माणसं आणि एक मुकादम एका फळ्याला आले. मुकादमाचं नाव गोटीराम.

“गोटीराम, परवाना आहे माझ्याकडे. उद्यापर्यंतचा.”

“शोकफलकावर सौजन्य आलं, की जाहिरात होती म्हणत्यात, भाऊ.”

“एवढी ओव्हर होऊ द्या.”

“मला काय कळत नाय का? माझा जीव पण तिकडंच हाय. पण फळा गाडीत टाकल्याचा फोटो पाच मिनिटांत मागितलाय वरून.”

मालनबाईंनी भज्यांची गाडी आडवी घातली. त्यांना समजावण्यात तीन मिनिटं गेली. पंचनामा लिहून झाला आणि गोटीराम म्हणाला, साक्षीदार म्हणून सही कोण करणार? कुणी पुढे आलं नाही. चौकाचा मला अभिमान वाटला. तो दहा सेकंद टिकला. “द्या इकडे,” खंडेराव म्हणाले आणि चष्मा लावून त्यांनी सही केली. वर माझ्याकडे न बघता म्हणाले, “सवय हो, गोरक्षराव.”

अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून फळ्यावर ताडपत्री टाकली. मुद्देमाल म्हणे. देवराम स्टुलावरून उठला. त्याने ताडपत्री बघितली, आभाळाकडे बघितलं.

“तिथं पाऊस आला काय?”

बोलून त्याला कळणार नव्हतं. मालनबाईंच्या मागे तेलाच्या डब्यांचं खोकं होतं, ते फाडलं, कोळसा घेतला आणि मोठ्या अक्षरांत पुढचा चेंडू लिहायला लागलो. देवरामने माझा हात धरला.

“हे नाय.”

मी खुणेने म्हणालो, का?

“तूच कायदा केला होता. फळ्यावर नाय, ते झालं नाय. तवा पैजेची भांडणं व्हायची, कोण म्हनायचं मी घरी रेडिओवर ऐकलं, कोण म्हनायचं पेपरात आलं. तू म्हनायचास, फळ्यावर दाखव.” त्याने टोपी नीट केली. “फळा आला, की बोलीव.”

त्याच वेळी समोरच्या पहिल्या मजल्यावरून आवाज आला. कसला ते मी लिहिणार नाही. देवराम पाठ करून घराकडे निघाला होता. चौकातल्या एकाही माणसाने त्याला काही सांगितलं नाही. सोमवारी सकाळी तो तृप्तीच्या गाडीत बसला तेव्हा कानातलं यंत्र काढून त्याने डबीत ठेवलं, आणि पुढच्या सीटवर पडलेला पेपर उलटा करून त्यावर बसला.

त्याला आज तीन आठवडे झाले. तृप्तीचा फोन येतो. “काका, पपांनी पेपर बंद केलाय. सोसायटीतले काका सांगायला आले, तर पपा हाताने थांब म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. टीव्ही लागला, की बाल्कनीत जाऊन बसतात. रोज मला विचारतात, फळा सुटला का, आणि उत्तर लिहायला पाटी पुढे करतात.”

मी पाच वेळा तुमच्या कार्यालयात आलोय. पाचव्या वेळी तुमच्या साहेबांनी फाईल उघडली आणि सांगितलं, की शोकफलक सोडवायचा तर मृत्यूचा दाखला जोडावा लागेल. कुणाचा? कै. धावते यांचा. वैष्णवी दोन दिवस नोंदी शोधत होती. “काका, त्यांच्या जन्माचीच नोंद नाही,” ती म्हणाली. आणि जन्माला न आलेल्या माणसाच्या नावाने परवाना काढला, म्हणून आता मलाच नोटीस येणार आहे. ती दारावर चिकटवायला खंडेराव मोफत तयार आहेत.

दंड सांगा, भरतो. मालनबाईंचं नाव पुसतो, त्यांना मी समजावतो. तांब्या होता की करंडक, काय लिहून हवंय ते लिहून देतो. फळा ठेवून घ्या हवं तर. मला तो फक्त वीस मिनिटं पाहिजे, तुमच्या गोदामातच, गोटीरामच्या देखत. उरलेले एकवीस चेंडू माझ्याकडे कागदावर क्रमाने उतरवलेले आहेत. मी एकेक लिहीन, तृप्तीला एकेकाचा फोटो पाठवीन, आणि प्रत्येक चेंडूच्या मध्ये पुण्यात देवरामला टोपी काढायला किंवा मांडीवर थाप मारायला जेवढा वेळ लागतो, तेवढा थांबेन. निकाल मी ह्या कागदावर कुठेही लिहिलेला नाही, कारण ह्याची एक प्रत त्याला वाचायला जाणार आहे.

आख्ख्या जगाचा सामना संपला, बक्षिसं वाटून झाली, झाडूवरचा कप्तानही बदलला. एका माणसाचा सामना अजून एकशे एक्केचाळीसवर आहे. तो माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि तुमच्या फायलीला घाई नाही.

बोला, कुठल्या दिवशी खडू घेऊन येऊ?